दवंडीच्या वहीतलं नाव

हिंगणसांगवी,
रविवार, दुपार

प्रिय जोतीराम,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. सध्या कारण एवढंच समज आणि पुढं वाच. वाडीनं तुला जवळजवळ वाळीत टाकलंय हे मला कळलंय, आणि बुधवारच्या सुनावणीआधी हे तुझ्या हाती पडायला हवं. आज ग्रामपंचायत बंद. किल्ली माझ्याकडंच असते, तेव्हा तिथल्याच वाचनालयाच्या टेबलाशी येऊन बसलोय. घरी बसलो असतो तर सरदारबीनं चहाच्या निमित्तानं चार वेळा कागदात डोकावलं असतं. इथं कुणी नाही, तरी दर चार ओळींनी उठून दार बघून येतो. दोन कागद फाडून झाले. दहावीच्या पेपरात पत्रलेखन तू माझं बघून लिहिलंस आणि तुला माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त पडले, हे मी अजून विसरलेलो नाही. आज तू शेजारी असतास तर मी तुझं बघून लिहिलं असतं.

गावात अजून तीच खडाजंगी चालू आहे. ईश्वरप्पाच्या हॉटेलात दोन बाकं आहेत, ती आता दोन पक्षांची झालीत. एका बाकावरचे म्हणतात, उदयसिंह सरपंचानं सव्वीस जानेवारीची ग्रामसभा मध्येच तहकूब केली ते बरं केलं, नाहीतर डोकी फुटली असती. दुसऱ्या बाकावरचे म्हणतात, वाडीची माणसं जास्त आली, वाडीची ग्रामपंचायत वेगळी करायचा ठराव होणार असं दिसलं, तेव्हाच बरी सरपंचाला शांतता आठवली! परवा मल्लेश गुरुजी चहा तसाच ठेवून उठले आणि म्हणाले, "सभा काय सरपंचाच्या घरची हाय व्हय? वाटलं तवा भरवायची, वाटलं तवा मोडायची? सभा गावाची हाय." त्यावर पहिल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "गुर्जी, गावच दोन व्हाया लागलंय, तर सभा कुठल्या गावाची म्हनायची?" गुरुजी पुन्हा खाली बसले आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

खरं सांगू? त्या दिवशी मी पहिल्या बाकावरचाच होतो. तू खुर्चीवर चढून तीनशे सह्यांचा कागद फडकवत होतास, म्हणून तुला मागचं दिसलं नसेल. मागं गावातली पोरं बाह्या सरसावून उभी होती आणि वाडीची पोरं त्यांच्या अंगाला अंग भिडवून. सतरंजी ओढली गेली, एक खुर्ची मोडली. सरपंच माइकवर 'सभा तहकूब' म्हणाला तेव्हा मला हायसं वाटलं. आणि आणखी एक गोष्ट होती, ती कुणाला सांगितलेली नाही. मला वाडी वेगळी व्हायला नकोच होती. तुमचं म्हणणं खोटं नाही. बारा वर्षं तुमच्या टाकीचा पाइप मंजूर आहे आणि तो अजून ओढ्याच्या अलीकडंच पडलाय, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण आमचं कब्रस्तान ओढ्यापलीकडं, तुमच्या शिवारात. ती जागा तुझ्या आज्यानं दिलेली. अब्बा तिथं आहेत. वाडी वेगळी झाली की मला अब्बांकडं जायला दुसऱ्या गावात जावं लागणार, असं काहीतरी डोक्यात बसलं. वेडेपणाच आहे. ओढा तोच, वाट तीच, मला अडवणार कोण होतं? तरी बसलं खरं.

तहकूब सभेची गोम तुला आता कळलीच आहे. नेहमीच्या ग्रामसभेला शंभर माणसं लागतात. तहकूब झालेली सभा पुन्हा बसली की ती अट उरत नाही. दहा जण आले तरी ठराव होतो. सरपंचाला हे ठाऊक होतं, ग्रामसेवक भाऊसाहेबांना ठाऊक होतं आणि मलाही होतं, सत्तावीस वर्षं त्या सतरंज्या मीच अंथरतोय. सभा मंगळवारी सकाळी आठला ठेवली. ज्वारीची काढणी ऐन भरात, वाडी सगळी रानात. एक्केचाळीस माणसं आली, त्यात वाडीचं एकही नव्हतं. 'वाडी वेगळी करू नये' हा ठराव चहा येईपर्यंत मंजूर झाला.

आता त्याच्या आधीच्या शनिवारचं सांगतो. हे लिहिण्याआधी मी पुन्हा एकदा दार बघून आलो. सभेची नोटीस इथल्या फळ्यावर लागते, पण वाडीत दवंडी द्यावीच लागते, ती माझ्याशिवाय कुणी देत नाही. भोंगा गाडीला बांधून गावातल्या आळ्या फिरून झाल्या, आणि ओढ्याकडं वळणार तोच सरपंचानं हात केला. तो ओरडला नाही, दमदाटी केली नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मौलालीभाई, वाडीत नगा जाऊ. पोरं लई तापल्यात. धोंडा बसला तर मी भाभीला काय सांगू? वहीत तेवढं लिवून टाका की." मी गाडी वळवली. धोंड्याची भीती नव्हती मला. तुझ्या वाडीत मला धोंडा कोण मारणार? तिथं पाणी पाजल्याशिवाय कुणी सोडत नाही. मी वळलो, कारण मला वळायचंच होतं. सरपंचानं निमित्त दिलं, ते मी घेतलं.

आणि मग वही. नोकरीच्या पहिल्या वर्षी वाडीत दवंडी द्यायला आलो तेव्हा माझा आवाजच फुटेना, आठवतं? चारपाच बाया दारात येऊन हसायला लागल्या. तू गोठ्यातून शेणानं भरलेल्या हातानं आलास आणि हाळी दिलीस, "ऐका हो ऐका, उद्या ग्रामसभा हाय, आन ह्यो मौलाली लाजतोय!" तेव्हापासून वाडीतली माझी दवंडी तुझ्या अंगणातून सुरू व्हायची. आधी रंभावहिनींच्या हातचा चहा, मग भोंगा. वहीत तारीख, वेळ, ठिकाण लिहायचं असतं आणि शेवटी 'समक्ष' म्हणून, ज्याच्या देखत दवंडी दिली त्याचं नाव. वाडीपुढं सत्तावीस वर्षं एकच नाव आहे. त्या शनिवारी मी याच टेबलाशी बसलो, तारीख लिहिली, वेळ लिहिली, आणि हात सवयीनं पुढं गेला. जोतीराम. लिहून झाल्यावर मी वाचलंसुद्धा नाही. सही केली, वही कपाटात ठेवली, घरी जाऊन जेवलो.

दवंडी झालीच नाही अशी तुमची तक्रार तालुक्याला गेल्यावर तुमच्या वाडीच्या समितीतल्या गुरप्पानं वहीची नक्कल काढली आणि बिरोबाच्या देवळात मोठ्यानं वाचून दाखवली, हे मला नंतर कळलं. मग काय, तीनशे सह्या गोळा करणारा माणूसच सरपंचाला सामील, सभेचं ठाऊक असून तोंड मिटून बसला, असं ठरलं. तुला समितीतून काढलं. ज्यांच्या रानात तू राबलास ती सावडीची माणसं तुझ्या काढणीला आली नाहीत, तू आणि वहिनी दोघंच कणसं खुडत होता, असं दूध घालायला येणारा पंचाक्षरी सांगत होता. त्यानंच आणखी एक सांगितलं. देवळात सगळे तुझ्या अंगावर धावून येत होते तेव्हा तू एवढंच म्हणालास, "मला दवंडी ऐकू आली न्हाय." मौलालीनं खोटं लिहिलं, असं एकदाही म्हणाला नाहीस. माझी नोकरी जाईल म्हणून. जोत्या, अरे शिव्या घातल्या असत्यास तर मी सुखानं झोपलो तरी असतो!

त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. पाणी सोडायला जातो आणि चावी घरीच राहते. नमाजाला उभा राहतो आणि कितवी रकात चाललीय ते विसरतो. काल जेवताना सरदारबी वैतागली, "बोलना हय तो बोलो, नै तो चुप खाना खाव." मग तिला सगळं सांगितलं. ती उठली आणि माझं ताट उचलून आत घेऊन गेली. मी अजून अर्धंच जेवलो होतो. मागायची हिंमत झाली नाही.

बुधवारी मंगळवेढ्याला बीडीओ साहेबांपुढं सुनावणी आहे. वही घेऊन हजर राहा, अशी मला नोटीस आली आहे. सरपंच म्हणाला, माझ्याच गाडीतून चला, आणि मी हो म्हणालो. बघ, एवढ्या साध्या गोष्टीलासुद्धा मला नाही म्हणता आलं नाही. साहेब विचारतील, वाडीत दवंडी दिली का? सरपंच शेजारी बसलेला असेल. सकाळी न्हाणीत मी तीनदा म्हणून बघितलं, 'दिली नाही, साहेब.' तिसऱ्या वेळी तोंडातून 'दिली, साहेब' एवढंच आलं, आणि तिथं तर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, आणि आपण कसे आहोत ते मला या महिन्यात नीट कळलंय. म्हणून आजच, समोर कुणी नसताना लिहून ठेवतो. मी त्या शनिवारी वाडीत दवंडी दिलेली नाही. जोतीराम समक्ष नव्हता. त्याला त्या सभेचं काहीही माहीत नव्हतं. खालची सही वहीत करतो तशीच पूर्ण केली आहे, दोन्ही ताडून बघता येतील. हा कागद मी आज स्वतः ओढा ओलांडून तुझ्या दारात देणार आहे. बुधवारी साहेबांपुढं मी 'दिली' म्हणालो, तर माझ्या तोंडाकडं बघत बसू नकोस, आणि या वेळी मला सांभाळून घेऊ नकोस. ऊठ आणि हे पत्र पुढं कर.

बुधवारी काहीही बोललो तरी तुझाच,

मौलाली दस्तगीर मुलाणी
शिपाई, ग्रामपंचायत हिंगणसांगवी