अर्जातला शब्द

३ फेब्रु. ७५
आज पन चेकरनं कौसामावशीचे बिड्यांचे तीन कट्टे खराब म्हणून छाटले. बिड्या चांगल्या होत्या. मी बाजूलेच बसली होती, पाह्यलं. छाटलेला माल वापस देत नाही, आपल्याच पोत्यात टाकते. मावशी म्हणे, "खराब आहे त मले दे, मी ओढीन!" साऱ्या बाया हासल्या. तो नाही हासला. "लय बोलशीन त काम बंद करीन तुहं."

५ फेब्रु.
शेठले अर्ज द्याचं ठरलं. मी सातवीत शाळा सोडली, तरी आमच्यात लिहिणारी मीच. मावशी म्हणे, "लिही वं विमल, आमच्यावर अन्याय होऊन राहिला. हाच शब्द लिहिजो. त्रास नोको लिहू, त्रास त ऊन पन देते."
शाईचा डब्बा वापस द्याचा होता म्हणून अकरा जणींनी कोऱ्या कागदाखाली आधीच अंगठे लावले. मजकूर घरी लिहीन म्हटलं.

६ फेब्रु.
'आमच्यावर' लिहिलं. पुढं अ काढला. हात थांबला. चेकर विचारीन, अक्षर कोनाचं? वस्तीच्या सभेत माझे बाबा हाच शब्द केवढ्यानं म्हणतात. मी पन टाळ्या वाजवल्या.
दुसरा कागद नाही, अंगठे ह्याच्यावरच. अ चं 'अडचणी' केलं. आमच्यावर अडचणी येत आहेत. पानी, बसाची जागा. छाटाचं शेवटी, अर्धी ओळ.

१० फेब्रु.
अर्ज वाचून शेठनं नवा माठ पाठवला. दोन चटया. बाया खूश. मावशीनं इचारलं, "मी सांगतलं तसंच लिहिलं ना वं?" मी हो म्हणून मान हालवली.
चेकर जाता जाता हळूच, "हुशार पोरगी आहेस."
जमिनीत गेली असती त बरं.

११ फेब्रु.
माझा एक पन कट्टा छाटला नाही. मावशीचे पाच.

१३ फेब्रु.
मावशीचं काम बंद. जाताना माठातलं गिलासभर पानी पिली. "अर्जाचं पानी थंडं आहे बाप्पा." बाया हासल्या. मी खाली पाहून पत्ती कापत राहिली. दोन पानं वाया गेली.

१४ फेब्रु.
मावशी घरी आली. कोरा कागद, खाली एकच अंगठा. "शेठनं बराबर वाचलं नसन. फिरून लिही, अन मले वाचून दाखव."
लिहिलं. तो शब्द पूर्ण लिहिला. दिसाले किती लहान आहे. वाचला, त मावशीनं दोनदा वाचाले लावला.
मावशी म्हणे, "पहिल्यात पन असाच होता ना?"
मी म्हटलं, मावशी, चहा घे.
उद्या तिच्यासंग शेठकडे जाचं आहे, मलेच वाचाचं आहे. पहिला अर्ज त्याच्यापाशीच असन. लकडगंजपर्यंत पायी जाऊ. तेवढ्यात मावशीले खरं सांगतलं त