कायम वस्ती नाही

चेंबूर, मुंबई
रविवार, ४ मे २०२५

प्रिय रेणू,

सप्रेम जय भीम. तू, तुझी आई म्हणजे आपली याडी, आणि घरची सगळी बरी असाल. मी बरी आहे. आई आपल्या वाशिमजवळच्या मालेगावलाच असते. गुडघ्यांनी तिला जागेवर बसवलं, पण मुंबईला यायचं नाव काढत नाही.

मानोऱ्याच्या जनसुनावणीत तुला सत्तावीस वर्षांनी पाहिलं आणि धड चार शब्द बोलता आले नाहीत. वाशिमच्या वसतिगृहात पाच वर्षं एका खोलीत काढलेल्या आपण दोघी, आणि मंडपाबाहेर चहाच्या टेबलाशी अनोळखी बायांसारख्या उभ्या होतो. माझ्याबरोबर कार्यालयाची माणसं होती, गाडी निघायची होती. राग मानू नकोस.

नवरा गेल्यावर तू माहेरी परत आलीस, अंगणवाडी धरलीस, हे मला त्या दिवशीच कळलं. मी काय करते ते तू विचारलंस तेव्हा मी 'या प्रकल्पाच्या कामातली सरकारी नोकरी' एवढंच म्हणाले. नीट सांगते. अणुवीज प्रकल्प कुठे उभारायचा ते आमचं कार्यालय ठरवत नाही. उभारणारे अर्ज करतात, सोबत जाडजूड अहवाल देतात, आणि त्यात लिहिलेलं खरं आहे का ते आम्ही तपासतो. माझ्याकडे पर्यावरणाचा भाग. वारा कुठून कुठे वाहतो, विहिरींना पाणी किती, लोक कोणाच्या गाई-म्हशींचं दूध पितात, धरणातले मासे कोण खातं, किती अंतरावर किती माणसं राहतात. एकोणीस वर्षं हेच करते आहे. अहवाल हजार-बाराशे पानांचे असतात. आताशा पान उलटायच्या आधीच कळतं की पुढे काय लिहिलं असणार. हे कौतुकाने सांगत नाहीये.

तुझा प्रश्न मात्र बरोबर होता. "आमचा तांडा नकाशात काहून नाही?" प्रकल्पाच्या पाच किलोमीटरच्या आत कोण राहतं, या यादीवरूनच आपत्तीचा आराखडा बनतो. काही बिघाड झाला तर आधी कोणाला कळवायचं, किती बसगाड्या कुठे पाठवायच्या, माणसं कुठे हलवायची. यादीत पळसखोरी तांडा नसेल तर तुमच्याकडे गाडी येणारच नाही. सर्वेक्षण एका खाजगी संस्थेने केलं, तेही गेल्या वर्षी जानेवारीत, तुमची माणसं ऊसतोडीला गेलेली असताना. कुलुपं पाहिली आणि लिहून टाकलं. चूक त्यांची आहे.

एक काम कर. अंगणवाडीच्या रजिस्टरच्या, गेल्या पाच वर्षांच्या, प्रती काढून माझ्या घरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठव. कार्यालयात नको.

याडीला नमस्कार सांग. तिला मी आठवत नसेन.

तुझी,
दीपी


पळसखोरी तांडा, ता. मानोरा
१९ मे २०२५

दीपे,

जय सेवालाल. तुह्यं पत्र भेटलं. रजिस्टरच्या प्रती पाठवून राह्यली. मानोऱ्याले जाऊन काढल्या. त्यात सहा वर्साच्या आतली सत्तेचाळीस लेकरं हायेत. कोन कवा जन्मलं, कोनाले कवा लस देल्ली, कोन बाई किती महिन्याची होती, सारं हाये. तेवढ्यानं भागत नाई म्हून म्या घरोघर फिरून सगळ्याईचे नावं बी लिहले. अठ्ठावन घरं, दोनशे एक्यान्नव मानसं. ऊसतोडीच्या टोळ्या वापस आल्या तं बरं झालं. आमच्या तांड्याचे नायक धरमसिंगभाऊ म्हनत, "मत मांगाले येते तवा बरोबर तांडा सापडते. मंग नकाशा काढाच्या टायमाले कुठी जाते?" त्याईले काय सांगू?

आता एक गोष्ट इचारतो.

याडीले तुहा नमस्कार सांगतला. "कोन दीपी?" म्हने. मंग म्या मोबाइलातला जनसुनावणीचा फोटो दाखवला. म्या माइक धरून बोलून राह्यली, अन् दुसऱ्या रांगेत तू बसून हाये. याडीनं मोबाइल डोयापाशी नेला. मंग म्हने, "हे बाई तं आपल्या घरी पानी पिऊन गेली."

म्या म्हनलं, कवा?

"मांगच्या वर्साले, हिवाळ्यात. पांढरी गाडी आल्ती. बाई ओट्यावर बसली, दोन गिलास पानी पेली. तू मानोऱ्याले मिटिंगले गेल्ती."

याडीचे डोये अधू झाले, पन मानूस वयखाले तिची चूक होत नाई.

जनसुनावणीत चहाच्या टेबलापाशी म्या तुले इचारलं होतं का हा कागद कोनं तपासला. तू म्हनली, आमच्याकडं अजून आलाच नाई. दीपे, मंग हिवाळ्यात कायले आल्ती तू? अन् आली तं मह्यं नाव बी नाई काढलं?

म्या भांडत नाई. खरं सांग फक्त.

रेणू


चेंबूर, मुंबई
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

रेणू,

तुझ्या पत्राला चार महिने उत्तर दिलं नाही. कामात होते, हे खरंच आहे, पण कारण ते नव्हतं.

याडी बरोबर सांगते. ती मीच होते.

१७ जानेवारी २०२४. जागेच्या पाहणीला एकच दिवस दिलेला. सकाळी धरण, दुपारी मातीचे नमुने घेतलेली शेतं, आणि मग सर्वेक्षणवाल्यांनी 'हंगामी निवारे' म्हणून दाखवलेलं ठिकाण. गाडी चढावर आली आणि मी ओळखलं. दहावीच्या वर्षी होळीला तू मला इथेच आणलं होतंस. बायांनी हाताला धरून फेरात ओढलं होतं, आणि मला एक पाऊल जमत नव्हतं म्हणून तू पोट धरून हसत होतीस. त्या दिवशी तिथे दारांना कुलुपं होती. काही दारांवर काटेरी फांद्या आडव्या लावलेल्या. बरोबर सर्वेक्षण संस्थेचा माणूस होता. तो म्हणाला, "बघा मॅडम, कोणी राहत नाही."

तेवढ्यात एका ओट्यावरून म्हातारीने हात केला. केस पांढरे झालेले, पण याडीच. मला कावीळ झाली तेव्हा दोन एसट्या बदलून वसतिगृहात ऊस घेऊन आलेली. तिने पाणी दिलं. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "मानसं तोडीले गेली बाई, उन्हाळ्यात येतीन. आमी म्हातारे अन् लहान लेकरं रायलो."

मी कोण ते तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर थांबावं लागलं असतं. तिने चहा ठेवला असता, तुझा विषय निघाला असता, उरलेली माणसं गोळा झाली असती, आणि मग ती मोजावी लागली असती. अजून दोन ठिकाणं व्हायची होती. कंबर दुखत होती. मी गिलास खाली ठेवला आणि गाडीत जाऊन बसले.

दोन महिन्यांनी तक्ता माझ्या टेबलावर आला. 'पळसखोरी: हंगामी निवारे. कायम वस्ती नाही.' त्या ओळीवर मी बोट ठेवलं. त्या अहवालात मी आधीच दोनदा शंका काढून तो परत पाठवला होता. तिसऱ्यांदा पाठवायचा म्हणजे पुन्हा बैठका, पुन्हा साहेबांची नाराजी, पुन्हा सहा महिने. वाटलं, पुढच्या टप्प्यावर कोणीतरी पकडेल. खाली लिहिलं, 'तपासले. योग्य आढळले.' आणि सही केली.

कोणी दबाव आणला नव्हता. कोणी काही देऊ केलं नव्हतं. तसं काही असतं तर तुला सांगायला सोपं गेलं असतं. मला कंटाळा आला होता, रेणू. एवढंच.

जनसुनावणीत तू विचारलंस तेव्हा मी तोंडावर खोटं बोलले. मग पत्रात सगळं सर्वेक्षणवाल्यांवर ढकललं. कागद घरी मागवले ते दुसऱ्या कोणाच्या हाती पडायच्या आत मला पाहायचे होते म्हणून.

पुढचं ऐक. जूनमध्ये तुझी यादी घेऊन साहेबांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी दोनशे एक्याण्णव नावं शेवटपर्यंत वाचली. म्हणाले, "नवीन माहिती हाती आली, असं टिपण करा. हा तांडा जोडून टाकू. तुमची जुनी सही कशाला उकरून काढता?"

मी तसं टिपण लिहिलंही. तीन आठवडे ते माझ्या खणात पडून होतं. रोज सकाळी वाटे, आज देऊन टाकू. दिलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं, तुम्ही यादीत आला असता, आणि मी तुला अभिमानाने पत्र लिहिलं असतं.

अडलं ते असं. त्याच जानेवारीत त्याच संस्थेने आणखी अकरा वाड्या-तांडे मोजले होते. 'नवीन माहिती' म्हटलं तर फक्त पळसखोरीची ओळ बदलणार, बाकी तक्ता तसाच राहणार. तिकडच्या लोकांसाठी घरोघर फिरून नावं लिहिणारं कोणी नव्हतं. सगळी मोजणी रद्द व्हायची तर तपासणाऱ्या बाईनेच लिहून द्यायला हवं होतं की मी माणसं डोळ्यांनी पाहिली, त्यांच्याशी बोलले, आणि तरी 'वस्ती नाही' याखाली सही केली.

७ जुलैला तसं लिहून दिलं. साहेबांनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"मॅडम, याचे परिणाम कळतात ना?"

"कळतात."

"दोन दिवस विचार करा."

"दीड वर्ष केला, साहेब."

ऑगस्टमध्ये नव्याने मोजणी झाली, टोळ्या घरी असताना. तुझ्याकडेही माणसं येऊन गेली असतील. पळसखोरी धरून पाच वस्त्या यादीत आल्या. हजारावर माणसं. ती नाहीतच असं धरून आराखडा मंजुरीला निघाला होता. आता तो थांबवला आहे. रस्ते पुन्हा मोजतील, जागेचाही पुन्हा विचार करतील. प्रकल्प येणारच नाही, असं मी सांगू शकत नाही. ते माझ्या हातात कधीच नव्हतं. आला तर निदान तुम्ही आहात हे धरून येईल.

मला तपासणीच्या कामावरून काढलं. विभागीय चौकशी लागली आहे. सध्या प्रशिक्षण विभागात बसते, आलेल्यांच्या हजेऱ्या घेते. बढतीच्या यादीतून नाव गेलं. त्याचं काही वाटत नाही, असं लिहिणार होते. वाटतं. या नोकरीत मी काही चांगली कामंही केली होती. एका ठिकाणी विहिरींचे आकडे खोटे निघाले तेव्हा आठ महिने एकटी भांडले होते. आता ते कोणाला सांगायला तोंड उरलं नाही. आणि खरं सांगू? ही गोष्ट लिहून दिल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. नुसतीच दमले आहे.

गेल्या आठवड्यात मालेगावला जाऊन आईला सांगितलं. तिला वाटलं मी नोकरीसाठी रडते आहे. मग तिने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. ऐकून पायावरून हात फिरवत बसली. म्हणाली, "त्या पोरीले सांगतलं काय?"

मी म्हणाले, नाही अजून. कार्यालयात लिहून दिलं आहे.

"मंग सांगतलं कोनाले तू? कागदाले?"

म्हणून हे पत्र. माझ्या कबुलीची प्रत सोबत जोडली आहे. चौकशी चालू असताना ती बाहेर द्यायची नसते. दिल्याबद्दल आणखी एक कलम लागेल, लागू दे. ती तुझ्याजवळ ठेव. उद्या कोणी पुन्हा म्हणालं की पळसखोरीत कोणी राहत नाही, तर त्यांच्यापुढे धर.

रविवारी, २८ तारखेला, मी तांड्यावर येते आहे. आईकडून सकाळच्या एसटीने वाशिम, तिथून मानोरा, पुढे मिळेल त्या जीपने. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतील. त्याआधी, सगळे घरी असताना यायचं आहे. धरमसिंगभाऊंना विचारून लोकांना एकत्र बसव. आपण दोघींनी घरात बसून मिटवायची ही गोष्ट नाही. आधी मी याडीशी बोलेन, मग सगळ्यांशी. कोणी रागावून बोललं तर मधे पडू नकोस. माझी बाजूही घेऊ नकोस. तुला तिथे थांबावंसं वाटलं नाही, तर थांबू नकोस.

माफी इथे मागत नाही. पत्रातून मागितली तर पोस्टाने धाडल्यासारखी होईल. येऊन मागेन.

खाली 'तुझी' लिहायचं की नाही, ते तू ठरव.

धम्मदीपा