बोकड हवालदाराची चाल

बुधवार, ५ ऑक्टोबर १९३२

आज पपा आमच्या कार्टूनच्या स्टुडिओत आले! मी डबा विसरलो म्हणून. खारवलेला मासा आणि काळा पाव कागदात बांधून, ब्राँक्सहून भुयारी गाडीने. आणि अख्खी खोली ओलांडून माझ्या टेबलापर्यंत चालत आले.

पपांचं चालणं म्हणजे— आयुष्यभर विजारी इस्त्री करायच्या यंत्राचं पेडल उजव्या पायाने दाबलं. आता रस्त्यावरही तो पाय पेडल शोधतो. उजवा पाय आपटतो, डावा खांदा पुढे जातो, मग उचकी लागल्यासारखा एक झटका. गल्लीतली पोरं मागून नक्कल करायची. मी त्यातल्या दोघांना बडवलंही होतं.

“दिवा खाली लावलेली काच आणि वर कागद. एवढंच?” म्हणाले. मी त्यांचा दंड धरून जिन्यापर्यंत पोचवलं. सगळे माना वर करून बघत होते. नंतर मासा गोड लागला नाही.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

मान अवघडली. आमचा मुख्य चित्रकार फिन काढतो उचललेलं पाऊल आणि टेकलेलं पाऊल. मधलं सगळं काढायचं मी. पडद्यावर नाव ना त्याचं ना माझं, मालक क्रेमर साहेबांचं. त्यांनी पेन्सिल शेवटची कधी धरली देव जाणे.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

जेवण बाजूला सारलं. लिहितो.

दुपारी नवीन चित्रपटाची कच्ची रिळं दाखवली. बोकड हवालदार गस्त घालतो, तो प्रसंग. फिनने काढलेला. बोकड कोपऱ्यावरून आला— उजवा पाय आपटला, डावा खांदा पुढे, झटका. पपा! माझे पपा, शिंगं आणि दाढी लावून! सगळी खोली खदाखदा हसली. साहेब मांडीवर थापा मारत होते.

मी उठलो आणि तरातरा बाहेर निघालो. तर हसणं थांबायचं सोडून दुप्पट झालं. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. माणसं आहेत की जनावरं?

बुधवार, १२ ऑक्टोबर

सकाळी फिनला गाठलं. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाची चाल चोरताना लाज नाही वाटली?

“कोण म्हातारा?”

माझे वडील. गेल्या बुधवारी तुझ्या टेबलासमोरून गेले.

“गेल्या बुधवारी मी दाढ काढायला गेलो होतो, लेका.”

थाप! यांचं सगळं असंच. भिंतीवर एकमेकांची व्यंगचित्रं टाचायची, आणि चिडलं की म्हणायचं, गंमत रे. मला बगळा केला तेव्हा मी चूप बसलो. मला काय हवं ते करा. पण बापाला हात लावायचा नाही.

आजपासून फिनशी बोलणं बंद.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

साहेबांकडे गेलो. ती चाल बदला, म्हटलं. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, जणू मीच काही विनोद केला.

“इझी, अख्ख्या चित्रपटात धड एवढी एकच गोष्ट आहे. ती चाल राहणार. आणि मधली चित्रं तूच कर. तुझ्याइतकी ती कोणाला जमायची नाही.”

जखमेवर मीठ! आता माझ्याच हाताने माझ्या बापाची थट्टा करायची. राजीनामा लिहिला. पण बाहेर पावासाठी रांगा लागल्यात आणि पपांच्या दुकानात निम्मे दिवस काम नसतं. फाडून टाकला.

बुधवार, २ नोव्हेंबर

आपटणारा पाय हळूच मऊ करून पाहिला. दोन-चार कागदांवर तो थोडा आधी टेकवला, खांदाही मागे घेतला. कोणाला कळणार?

फिनला कळलं. कागद बोटांत धरून फरफर उलटले आणि चेहरा पडला त्याचा. “हे काय? याचा जीवच काढून घेतलास.” सगळे परत काढायला लावले. टेबलावरच्या आरशात मी माझं तोंड पाहिलं, रागावलेला माणूस काढायला उपयोगी पडेल असं. तेवढाच त्या आरशाचा उपयोग. तोंड दिसतं, बाकी काही नाही.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

रंगखात्यात गेलो होतो. विल्मा बोकडाचा करडा कोट रंगवत होती, हातात पांढरे हातमोजे घालून. म्हटलं, सांड एखादी बाटली त्याच्यावर, उपकार होतील.

“एवढा का तापतोस, इझी? आम्हा सगळ्या पोरींना आवडतो हा. फिनने प्रेमाने काढलाय, दिसतं ते.”

प्रेमाने! परत वळलो तर मागे पोरी खुसखुसत होत्या. रंगखातंही सामील.

शनिवार, ३ डिसेंबर

नको तेच झालं. चित्रपट आमच्या कोपऱ्यावरच्या थिएटरात लागला. पपांना पाटी दिसली. उद्या दुपारी जाणार, आणि एकटे नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या मिसेस गिटलमनना घेऊन. जिन्यात प्रत्येकाला सांगत सुटलेत, माझ्या इझीने काढलंय.

म्हटलं, पपा, जाऊ नका, फालतू आहे, पोरासोरांचं. तर म्हणाले, “तू काढलेलं फालतू?” कोट ब्रशने साफ करून खुर्चीवर ठेवलाय.

भर थिएटरात लोक हसतील आणि ते अंधारात बसून स्वतःला बघतील. मला हे सांगता येत नाही. काय सांगू? पपा, तुम्ही कसे चालता माहीत आहे का? त्या दिवशी दंड धरून मी त्यांना का बाहेर नेलं, तेही मग सांगावं लागेल.

रविवार, ४ डिसेंबर

मी गेलो नाही. पपा डोळे पुसत घरात शिरले. हसून हसून पाणी आलं होतं.

“लबाडा, सांगितलं नाहीस! तुला पडद्यावर घेतलं त्यांनी! मिसेस गिटलमन तर ओरडल्याच, अगं बाई, हा तर आपला इझी!”

म्हटलं, पपा, ती चाल...

“माझ्या पोराची चाल मला ओळखू येणार नाही? माझं बोट धरून दुकानात यायचास ना, तेव्हापासून अस्साच चालतोस. मित्र चांगले आहेत तुझे. बारीक लक्ष आहे त्यांचं.”

पाणी प्यायला म्हणून उठलो आणि नळाकडे निघालो. आज पहिल्यांदा खाली बघत चाललो. उजवा पाय आपटला.