विटांवरची गाडी

३ फेब्रुवारी

ठरलं! अठ्ठावीसला मैत्रिणीच्या निरोप समारंभाला मी जाणार, आणि माझ्या गाडीनेच जाणार. सकाळी चहाच्या वेळी जाहीर करून टाकलं. ह्यांनी पेपरामागून "हं" केलं. चौतीस वर्षांच्या संसारात ह्या "हं"चे सतरा अर्थ मला पाठ झालेत. आजचा अठरावा होता.

गाडी सोळा वर्षं शेडमध्ये विटांच्या चार थप्प्यांवर उभी आहे. शेजारचे म्हणाले, "बाई, आता हिला क्लासिक म्हणतात!" वा! माझ्या पगारातून घेतली तेव्हा हेच शेजारी तिला "डबडं" म्हणत होते. गाडी जुनी झाली की क्लासिक, बाई जुनी झाली की सीनियर सिटिझन.

लायसन्स मात्र मी चालू ठेवलंय. गाडी बंद असताना! कशाला, ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "आई, वेड लागलंय का तुला? समोरच्या स्टँडवरून अडीचची थेट बस आहे. झोपून जा आरामात." तिला काय कळणार! बसने जायचं असतं तर—

जाऊ दे.

६ फेब्रुवारी

मेकॅनिक आला. बघते तर माझाच विद्यार्थी! शेवटच्या बाकावरचा. नदी डोंगराकडे चढवली होती नकाशात. आता डोक्यावर टक्कल, पण मला बघताच हात मागे बांधून उभा राहिला. म्हटलं, "अरे, हात सोड, नाहीतर काम कसं करशील?"

बॉनेट उघडलं. एअर फिल्टरमध्ये उंदरांचा भरला संसार. सीटचा कापूस, माझ्या शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचे तुकडे, सगळं तिथे. भूगोलाचा एवढा बारीक अभ्यास माझ्या एकाही वर्गाने केला नव्हता.

टाकीतून निघालं त्याला पेट्रोल म्हणायचं तर म्हणा. वास वार्निशचा, रंग काढ्याचा. ब्रेक जाम. चारही टायर गेलेले.

"होईल ना रे अठ्ठावीसपर्यंत?"

"बाई, मी एकदा तरी पास झालो होतो का वेळेवर?"

प्रामाणिक आहे पोरगा. पोरगा कसला, सत्तेचाळीसचा घोडा.

९ फेब्रुवारी

प्लग काढून त्या भोकांतून आत तेल सोडलंय. इंजिन जाम असलं तर जोर करायचा नाही म्हणतो, तेल मुरू द्यायचं. तीन दिवस. आमच्या घरात हे तंत्र आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

जाताना त्याने विचारलं, "बंद कशी पडली होती, बाई?" मी म्हटलं, "पडली." पण लिहिते. इथे कोण वाचणार आहे!

घाटापलीकडच्या शाळेत मला मुख्याध्यापिकेची जागा मिळाली होती. राहायला खोली, माझ्या नावाची पाटी, सगळं. ह्यांनी "जाऊ नकोस" म्हटलं नाही. "जा" पण म्हटलं नाही. अकरा दिवस नुसते मौनीबाबा होऊन बसले. भांडण केलं असतं तर मी जिंकले असते, पण भिंतीशी काय भांडणार! लेक तेव्हा होस्टेलवर, म्हणजे तिचीही अडचण नव्हती. सोमवारी हजर व्हायचं होतं. रविवारी सकाळी मी बॅग डिकीत टाकली, चावी फिरवली. खर्र खर्र खर्र. बस्स! तासभर खर्र खर्र. शेवटी बॅटरीने पण मान टाकली. बॅग परत वर आणली आणि तीन वाजता रिकामी केली.

दोन दिवसांनी हे म्हणाले, तू शाळेत असताना मेकॅनिकला दाखवली, इंजिन गेलंय म्हणतो. जागा माझ्या मैत्रिणीला मिळाली. सोळा वर्षं तिने ती शाळा चालवली, आता मानाने रिटायर होतेय. आणि मी इथे सातवी 'ब'ला जगाचा नकाशा शिकवत राहिले— गेले कुठेच नाही.

म्हणून मला तिथे गाडीनेच जायचंय. मी नाही हरले, गाडी हरली होती, एवढं दिसू दे सगळ्यांना. मलाही.

१२ फेब्रुवारी

हँडल घालून फिरवलं. फिरलं! कुरकुरलं, पण फिरलं. मी टाळ्या वाजवल्या. हे खिडकीत उभे होते, लगेच आत गेले.

एक गंमत आहे ह्यांची. ह्यांना गाडी चालवता येत नाही, पण दर रविवारी शेडमध्ये जाऊन तिचं कव्हर झटकणार. सोळा वर्षं, एक रविवार चुकला नाही. माझ्या गुडघ्याची एवढी चौकशी झाली असती तर मी पळाले असते.

१३ फेब्रुवारी

टायर आले. गाडी विटांवरून उतरली. बुटकी दिसते.

१७ फेब्रुवारी

कार्ब्युरेटर साफ, टाकी साफ, बॅटरी नवी. चावी फिरवली— खर्र खर्र खर्र. तोच आवाज!

शेवटच्या बाकाने डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली आणि बघतच राहिला. "बाई, इंजिनाला काही झालेलं नव्हतं. रोटरच नाहीये." रोटर म्हणजे बोटाच्या पेराएवढा तुकडा. तो आत फिरतो आणि एकेका प्लगला ठिणगी पाठवतो. तो नाही तर गाडी नाही.

"पडला असेल कुठेतरी."

"पडत नाही बाई. हाताने काढावा लागतो. पूर्वी लोक काढून खिशात ठेवायचे, गाडी चोरीला जाऊ नये म्हणून."

"मग चोराने नेला असेल."

"चोर गाडी नेतो बाई. रोटर कशाला नेईल?"

ह्या मॉडेलचा रोटर आता मिळत नाही म्हणे. शोधतो म्हणाला. जेवताना मी ह्यांना सगळं सांगितलं. "हं" आलं नाही.

१८ फेब्रुवारी

सकाळचा चहा. बशीत बिस्किटाच्या जागी रोटर.

फडक्यात गुंडाळलेला, तेलाचा हात दिलेला. सोळा वर्षांत गंजाचा एक ठिपका नाही!

१९ फेब्रुवारी

काल पुढचं लिहिलं नाही.

मी ओरडले. आयुष्यात एवढी ओरडले नसेन. "तुम्ही? तुम्ही काढलात? आणि तो मेकॅनिक?" मेकॅनिक आलाच नव्हता. अख्खा माणूस मनाने रचला ह्यांनी! आणि मी समजत होते ह्यांना कल्पनाशक्ती नाही.

मग बोलले. एका दमात, चौतीस वर्षांतलं सर्वांत मोठं भाषण. "एका दिवसापुरता काढला होता गं. कुठल्यातरी पुस्तकात वाचलं होतं. तू गेली असतीस तर परत आली नसतीस. संध्याकाळी सांगणार होतो, लावणार होतो. पण तू तीनलाच बॅग रिकामी केलीस. मग सांगायला तोंड राहिलं नाही."

म्हणजे दर रविवारी कव्हर नव्हतं झटकत हे. माफी मागत होते, गाडीची! माझी नाही.

२० फेब्रुवारी

आता मौन माझं. बघू कसं वाटतं.

२१ फेब्रुवारी

आमटीत मीठ घातलं नाही मुद्दाम. मुकाट्याने जेवले. चोराच्या उलट्या बोंबा तरी मारायच्या होत्या, भांडता तरी आलं असतं.

२३ फेब्रुवारी

सुरू झाली! आधी खोकली, मग काळा धूर, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींची वाट लागली— आणि मग धडधडायला लागली. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. शेवटचा बाक तोंड फिरवून उगाच टायर तपासत राहिला.

"बाई, मी पास?"

"पहिल्या वर्गात रे."

२७ फेब्रुवारी

उद्या एकटी जाणार. ह्यांना तसं सांगितलं. सात दिवसांनंतरचं पहिलं वाक्य.

२८ फेब्रुवारी, सकाळी

फाटकाशी उभे आहेत. इस्त्रीचा शर्ट, हातात माझी पाण्याची बाटली. "बाटली विसरशील," म्हणाले. सोबत येतो असं म्हणायची हिंमत नाही. बघवेना. म्हटलं, "बसा. रोटरवर लक्ष ठेवायला कोणीतरी हवंच."

१ मार्च

मैत्रीण माईकवरून म्हणाली, "ही खुर्ची खरं म्हणजे हिची. हिची गाडी बंद पडली नसती तर मी इथे नसते." सगळे हसले, मीही हसले. हे मान खाली घालून बसले होते.

परत येताना घाटात ह्यांनी विचारलं, "त्या दिवशी गाडी सुरू झाली असती, तर गेली असतीस?"

"लगेच," मी म्हटलं.

अडीचची बस तेव्हाही होती. बॅग भरलेलीच होती. मी गॅलरीत उभी राहून ती बस जाताना बघितली, वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत. मग आत जाऊन बॅग रिकामी केली.