घोडी उभी राहिली त्या सकाळी

बाबा, आज दुपारी गल्लीच्या तोंडाशी एक घोडा घसरला. पडला नाही, सावरला. पण दगडावर नाल घासल्याचा आवाज ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला आणि बराच वेळ तो पुन्हा उचलता आला नाही. मग तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

तुमचा टांगा सीताबर्डीच्या उतारावर उलटला तेव्हा मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होतो. कोणीतरी दारातून ओरडलं आणि मी शाईच्या हातांनी तसाच धावलो. सवारी नव्हती, हे नशीब. तुम्ही चाकाखाली अडकला होता, आणि घोडी उठायची धडपड करत तुमच्या तोंडाजवळ पाय झाडत होती. लोकांनी तुम्हाला ओढून काढलं. तुमचं खांद्याचं हाड मोडलं होतं, तिच्या पुढच्या पायाची शीर दुखावली होती. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, गोळी घालणं बरं. नाहीतर काही महिने रोज गार पाण्यात पाय धरा, पट्टी बांधा, थोडं थोडं चालवा, आणि तरी भरवसा नाही. तुम्ही नुसतं माझ्याकडे पाहिलंत. आई गेल्यापासून घरात आपण दोघंच होतो. मी म्हणालो, मी करतो.

ते कसं केलं, आज सांगता येत नाही. उजाडताना तिला तलावावर न्यायचं, पाय पाण्यात धरून उभं राहायचं आणि तोंडाने मॅट्रिकचा इतिहास घोकायचा. मग पट्टी, चारा, तुमची भाकर, छापखाना, आणि दिवेलागणीला शिकवणीचा वर्ग. पण थकव्यापेक्षा भीती मोठी होती. मला ती लाथ मारेल अशी भीती वाटे, ती लंगडीच राहील अशी वाटे, मी नापास होईन अशी वाटे. खिळे जुळवताना रस्त्यावर टापा वाजल्या की बोटं थांबत आणि ओळ चुके. घरी भिंतीपलीकडे तिला बांधायच्या कोठ्यात ती हलली नाही तर मी पुस्तक मिटून कान लावत असे. तुम्ही ओसरीवर बसून सांगायचात, "खालून धर गा. दाबू नको, नुसता हात फिरव." तुम्ही कोठ्यात येत नव्हता. खांदा दुखतो म्हणून, असं मी समजत होतो.

एकदा छापखाना लवकर सुटला. आत शिरतो तर तुम्ही पाण्याची बादली घेऊन कोठ्याच्या दारात उभे. खांदा तोवर बरा झाला होता. घोडीने माशी हाकलायला मान झटकली, एवढंच. बादली तुमच्या हातून पडली आणि तुम्ही भिंतीला पाठ लावून डोळे मिटून घेतलेत. आयुष्यभर बिथरलेली जनावरं कानाला धरून शांत करणारे तुम्ही. मी पाऊल न वाजवता बाहेर गेलो, मोठ्याने खोकलो आणि पुन्हा आत आलो. तुम्ही म्हणालात, "बादलीच निसटली." मी फरशी पुसली. त्या दिवसापासून मला सगळ्यात जास्त भीती तुमच्या भिण्याची वाटू लागली. तुम्हीच भ्यालात तर मी कोणाच्या मागे उभं राहायचं?

परीक्षेच्या पहिल्या दिवशी सकाळी कोठ्यातून धडधड ऐकू आली. घोडी लोळताना भिंतीला लागली होती. पाय भिंतीशी अडकलेले, उठता येईना, आणि प्रत्येक झटक्याला तोच दुखरा पाय आपटत होता. सावरत आणलेलं सगळं माझ्यासमोर मोडत होतं. मी तिच्या पाठीकडून दोर टाकला, पण एकट्याने ती वळेना. दोर तसाच धरून मी तुम्हाला हाक मारली नाही. मारवली नाही.

तुम्ही आपणहून आलात. दाराशी थांबलात. तुमचे ओठ पांढरे पडले होते. मग आत येऊन तिच्या डोक्याशी गुडघे टेकलेत, मानेवर भार टाकलात आणि तळव्याने तिचा डोळा झाकलात.

"दोर ओढ गा," तुम्ही म्हणालात. "माह्याकडे पाहू नको."

मी ओढलं. ती उलटली, फुरफुरली आणि एका झेपेत उठली. तुम्ही मागे पडलात, पण दावं सोडलं नाही.

"जाय आता. तुया पेपर हाये."

"बाबा, तुम्ही एकटे..."

"काहून उभा हायेस? जाय म्हटलं नं."

मी गेलो. हाताला तिचा वास होता आणि दौतीत टाक नीट बुडेना. सुरुवातीला मला प्रश्नच दिसत नव्हते, तुम्हीच तिच्या पायाखाली दिसत होता. सुटल्यावर धावत घरी आलो तर कोठा उघडा, आत ना घोडी ना तुम्ही. शेजारणीला विचारायचाही धीर झाला नाही. तसाच तलावाकडे गेलो.

तुम्ही गुडघाभर पाण्यात होता. वाकून तिचा पाय धरला होता, तिचं तोंड तुमच्या पाठीवर टेकलेलं. मी काठावर उभा राहिलो. तुम्ही वर न पाहता म्हणालात, "लय भेव लागून राहिलं मले."

"अजून?"

"अजून. पण पाय गरम नाही आता. पाह्य, हात लावून पाह्य."

मी पाण्यात उतरलो.

ती पुन्हा टांग्याला जुंपली गेली नाही. थोडं लंगडतच राहिली. कुहीला आत्याच्या गावी धानाच्या बांधावर चरत म्हातारी झाली. मी पास झालो, अगदी काठावर. तुम्ही दुसरा घोडा घेतलात, आणि रोज जुंपण्याआधी क्षणभर त्याच्या शेजारी नुसते उभे राहायचात. का, ते मला ठाऊक होतं. आपण त्यावर कधी बोललो नाही.

तुम्ही नाही, आता हा कागद पाठवायचा कुठे? उद्या चुलीत जाईल. मुलं पाहतील अशी धास्ती आहे. त्यांचे आजोबा कशालाही भ्यायचे नाहीत, असं मी त्यांना सांगत आलो आहे.