अर्थिंगला पाणी

१ जानेवारी २०२५, सकाळी ६. बॅटरी १०० टक्के.

डायरी पतसंस्थेने फुकट दिली. रोज लिहिणार. कारणं दोन. ट्रान्सपोर्टचा सुपरवायझर म्हणाला, इलेक्ट्रिक गाडी चालवणाऱ्यांची मतं मार्चमध्ये वर पाठवायची आहेत. डिझाइन कसं वाटतं, रोजच्या वापराला कशी पडते, सगळं. नोंदी ठेवा. बाकीच्या ड्रायव्हरांना मत म्हणजे काय तेच माहीत नाही, त्यामुळे माझ्यावरच जबाबदारी आहे.

दुसरं कारण म्हणजे या वर्षी लग्न करायचंच. वय ३३. आधारवर ३४ आहे, ती शाळेची चूक.

संकल्प: गुटखा बंद. रोज दहा सूर्यनमस्कार. प्रवाशांशी इंग्लिश. सीटवर टॉवेल टाकायचा नाही, ड्रायव्हर दिसतो. मी ड्रायव्हर नाही. चांदे गावचा जमीनवाला आहे. जमीन गेली, ती वेगळी गोष्ट. स्वतःची गाडी आयटी कंपनीला लावलीय आणि स्वतः चालवतो, एवढंच.

२ जानेवारी

थंडी फार. सूर्यनमस्कार उद्यापासून.

७ जानेवारी, दुपारी. ६१ टक्के.

नवी पॅसेंजर. अपेक्षा. बावधनला बसते, हिंजवडी फेज थ्रीला उतरते. मूळची अमरावतीची. पुढच्या सीटवर बसली! मागे पियूष नावाचा इंजिनिअर असतो, तो सूसपासून ऑफिसपर्यंत तोंड उघडं टाकून झोपतो. ती म्हणाली, मागे खाली बॅटरी असल्यामुळे फ्लोअर उंच आहे, गुडघे छातीला लागतात. हे सांगण्यापुरतं कारण. मला कळतं.

तिने विचारलं, एका चार्जमध्ये खरंच किती जाते. मी तीनशेवीस सांगितलं. दोनशेच्या पुढे कधी गेली नाही, पण पहिल्याच दिवशी मुलीपुढे घरच्या अडचणी कोण काढतो.

१५ जानेवारी. ४४ टक्के.

सूसच्या खिंडीत चढाला टक्के भराभर पडतात. म्हणून एसी, ब्लोअर सगळं बंद ठेवलं. काच धुकटली. टॉवेलने पुसली. टॉवेल टाकायचा नाही असं ठरलं होतं, पण हा काचेसाठी आहे.

अपेक्षाने विचारलं, धुक्यात ब्लोअर लावला तर रेंज किती कमी होते? फोनमध्ये लिहूनही घेतलं. माझं बोलणं लिहून घेणारी पहिली मुलगी. गावातल्या पोरांनी कधी पूर्ण ऐकूनसुद्धा घेतलेलं नाही.

२० जानेवारी

चार्जर पुन्हा लाल दिवा लावून बंद. सकाळी २३ टक्क्यांवर निघालो, दोघांनाही उशीर झाला. डिझाइनची चूक. नोंद केली. अण्णा म्हणाले, गाडीची न्हाई, आपल्या वायरिंगची आसंल. अण्णांचं म्हणजे वडिलांचं टेक्निकल ज्ञान बैलगाडीच्या वंगणापर्यंत. 

२६ जानेवारी, संध्याकाळी.

आईने स्थळ आणलं. हल्ली मुलीकडचेच आधी घर बघायला येतात, मुलगीही येते. दिवस बदलले. मुलगी आरोही, मुठा खोऱ्यातली. पिरंगुटला गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात लाइन सांभाळते. बरोबर वडील.

आईने वरची जागा दाखवली. अण्णांनी माझ्या लग्नासाठी म्हणून बांधलेली. दोन खोल्या, अटॅच बाथरूम, टीव्हीचं कपाट. खालच्या खोल्या भाड्याने देतो, पण ही चार वर्षं रिकामी. आई रोज झाडते.

मुलगी वर दोन मिनिटं थांबली आणि खाली येऊन गाडीपाशी उभी. चार्जरचा लाल दिवा बघून म्हणाली, ह्यो अर्थिंगचा दिवा हाय. तुमच्याकडं अर्थिंगच न्हाई. खड्डा घ्या, मीठ-कोळसा भरा, रोज पाणी घाला, न्हाईतर एखाद्या दिशी कुणीतरी चिकटंल. मग म्हणाली, चार्जिंगचं तोंड मागं दिलंय त्ये चुकलंय, तुमाला रोज गाडी उलटी गोठ्यात घालावी लागती, म्हसरांच्या अंगावर. त्ये पुढं पायजे हुतं.

पोह्यांबद्दल एक शब्द नाही. माझ्या जॅकेटबद्दलही नाही.

आई म्हणाली, पोरगी शानी हाय, घर धरून ऱ्हाईल. मी सांगितलं, मला बायको पाहिजे, वायरमन नको. उत्तर लांबवायला सांगितलं. पर्याय हातात असलेले बरे.

३ फेब्रुवारी. ७० टक्के.

आज अपेक्षाला म्हटलं, माझ्या मते चार्जिंगचं तोंड पुढे पाहिजे. उलटी गाडी घालणं प्रॅक्टिकल नाही. ती थक्क. म्हणाली, किशोरदादा, तुम्हाला कसलं नॉलेज आहे!

दादाचं मनावर घ्यायचं नाही. आयटीत सगळ्यांना दादा म्हणतात. तो एक सिक्युरिटी प्रोटोकॉल आहे.

१० फेब्रुवारी

अर्थिंगचा खड्डा घेतला. कल्पना माझी. खोदला अण्णांनी, कारण माझी ड्युटी होती. वय अडुसष्ट, पण खोदायची सवय आहे. संध्याकाळी कंबर धरून बसले होते. गरम पाण्याची पिशवी घ्या म्हणून सांगितलं.

दिवा हिरवा! गाडी पहिल्यांदा रात्रभर चार्ज झाली. आता रोज सकाळी खड्ड्यात पाणी घालतो. आई म्हणाली, तुळशीला कंदी तांब्याभर घातलं न्हाईस, आन त्या खड्ड्याची पूजा करतुयास व्हय. आईला विज्ञान समजावून सांगणं सोडून दिलंय.

१४ फेब्रुवारी. ५२ टक्के.

आजची तारीख लक्षात ठेवायची. गुलाब डॅशबोर्डवर ठेवला होता. पियूषने चढताना विचारलं, आज गाडीचा वाढदिवस आहे का. माणूस जागा असला की त्रासदायक.

तो झोपल्यावर अपेक्षा म्हणाली, दादा, डिकीत काय काय मावतं? दोन मोठ्या बॅगा, मिक्सरचा खोका आणि गादीची गुंडाळी बसेल?

म्हणजे सामान आणायचा विचार सुरू.

मग बाहेर बघत, अगदी सहज विचारलं, मागच्या सीटवर बेबी सीट नीट लॉक होते का.

नांदे गावाच्या पुढचा स्पीडब्रेकर मला दिसलाच नाही. गाडीचं पोट घासलं. बॅटरी खाली असल्यावर असंच होणार, ही डिझाइनची चूक. पण इतका आनंद जमिनीचे पैसे आले तेव्हाही झाला नव्हता, हे खरं लिहून ठेवतो. कोणी वाचणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार.

मंगळवारी तिने स्वतःहून विचारलं होतं, तुम्ही सांगत होता ती तुमच्या घरातली वरची जागा आहे ना, चार्जिंगची सोय आहे ना, बघायला येऊ का.

आज आली! अण्णांना न्हाऊ घातलं, म्हणजे न्हायला लावलं. म्हशी मागे बांधल्या. आईने जरीकाठाची साडी नेसायचं कारण विचारलं, मी म्हटलं, नेस.

तिने बाथरूमचे नळ उघडून बघितले. पाणी किती वाजता येतं, फोनला रेंज आहे का, खाली प्लग कुठे, सगळं विचारलं. मी खड्डा दाखवला. स्वतः केलाय म्हटलं. अण्णा शेजारी कंबर धरून उभे होते. जाताना ती म्हणाली, आम्हाला चालेल.

आम्हाला! शिकलेल्या मुली घरच्यांना धरून बोलतात.

आईने मला आत बोलावून विचारलं, भाडं काय सांगू. मी तिच्यावर ओरडलो. सगळा विचका करायची सवय. पोरगी चहा पिऊन कप स्वतः विसळून गेली, हे आईला दिसलं नाही का?

१२ मार्च

मुठा खोऱ्यातून निरोप. आई म्हणाली, अजून थांबल्यात ती मान्सं, पोरीला तू पसंत हायेस. मी म्हटलं, नाही म्हणून कळव. आणि हेही सांग, की माझं लेव्हलच्या ठिकाणी ठरतंय.

आई पाण्याच्या टाकीपाशी बसून रडली. नंतर उठून वर जाऊन झाडलं. संध्याकाळची वेळ, झाडायची नसते, पण ऐकत नाही. बीपी तपासून घेतलं पाहिजे.

२५ मार्च

मतांचा फॉर्म आला. फोनवर. पाच तारे आणि एक ओळीची जागा. माझ्या नोंदी त्रेचाळीस पानं. मुद्दे निवडता निवडता वेळ संपायला आली. पाच तारे दिले आणि "छान" लिहिलं. वरच्या लोकांना शॉर्टमध्ये आवडतं.

२९ मार्च. ८० टक्के.

अपेक्षा म्हणाली, उद्या पाडव्याला दहा वाजता वाकडच्या शोरूमला याल का? तुम्ही नसाल तर मला काही जमणार नाही. घरचेही येतायत.

नवा शर्ट घेतला. दाढी वीस रुपये जास्तवाली. गुटखा आज शेवटचा. आईला सांगितलं, उद्या गुढीला गाठी मोठी आण. आई म्हणाली, शोरूममदी मुलगी बघत्यात का रं?

३० मार्च, पाडवा.

गाडीची डिलिव्हरी होती. माझ्याच मॉडेलची, पांढरी. अपेक्षाच्या नावावर.

तिचे आईवडील अमरावतीहून आले होते. वेदांतही होता. वेदांतशी तिचं लग्न चार मेला आहे. त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला. म्हणाला, दादा, हिची फाइल बघा, तुम्हाला तीन महिने विचारून विचारून केलीय. सगळी उत्तरं तुमची. तुम्ही नसता तर आम्ही डिझेल घेतली असती.

फाइल बघितली. माझं नाव होतं. "सोर्स: कॅबवाले किशोरदादा." रेंजच्या पुढे लिहिलं होतं, ३२० सांगतात, २०० धरा. बेबी सीट वेदांतच्या बहिणीच्या मुलासाठी.

तिची आई म्हणाली, पूजेचं आम्हाला काही माहीत नाही, तुम्हीच करा भाऊ. चार चाकांखाली चार लिंबं मी ठेवली. नारळ मी फोडला. बॉनेटवर स्वस्तिक मी काढलं. फोटोही मीच काढला, कारण बाकी सगळे फोटोत होते. वेदांतला बेसमेंटचा चढ जमेना, म्हणून गाडी बाहेर मी काढली. सीटवर शोरूमने पांढरा टॉवेल टाकला होता.

मला शर्टपीस दिला.

घरी आलो तर गुढीला मोठी गाठी. आईने काही विचारलं नाही. तिने विचारायला पाहिजे होतं.

२ एप्रिल

विचार केला. दोन दिवसांत सावरणारी माणसं कमी असतात. अमरावती लांब पडली असती. शिवाय मुलीला ब्लोअर लागतो. आईला म्हटलं, मुठा खोऱ्यात फोन कर, माझी हरकत नाही.

८ एप्रिल. १९ टक्के.

आरोहीचं ठरलं. पौडचा मुलगा आहे, इलेक्ट्रिकलचं दुकान.

आईने फोन ठेवून सांगितलं, तिच्या बापाला आदीच कळवाया लावलं हुतंस ना तू, लेव्हलचं. त्यास्नी काय राग न्हाई. पोरीनं येवडंच इचारलं म्हनं, त्यांनी अर्थिंग केलं का? मी व्हय म्हनलं.

गुटखा पुन्हा सुरू. तात्पुरता.

११ मे

अपेक्षा आता स्वतःच्या गाडीने जाते. तिच्या जागी वेगळी पॅसेंजर आहे, ती मागे बसते. गुडघे छातीला लागत असतील, पण मागेच बसते. पियूष पुढे आला. झोपतो.

वरची जागा आईने अपेक्षा-वेदांतला दिली. मी घरी नव्हतो. मी ओरडलो तर म्हणाली, चार वर्सं झाडत हुते. आता मला जिना चढवत न्हाई. कुनाचा तरी संसार हुदे तितं.

अण्णांनी टीव्हीच्या कपाटाची चावी दिली. आईने सुनेसाठी घेतलेली साडी अपेक्षाच्या ओटीत घातली. ती पाया पडली. साडी तिला छान दिसते, वाईट एवढंच वाटतं.

चार्जिंगचं मी धोरण ठरवलंय. प्लग एकच. मी मालक. आधी माझी गाडी, मग भाडेकरूंची.

२ जून, सकाळी ६. बॅटरी ९ टक्के.

रात्री प्लग त्यांच्याकडे होता. त्यांना आज अमरावतीला निघायचं होतं म्हणून मी समजूतदारपणा दाखवला. गेले वीस दिवस दाखवतोय.

सकाळी अपेक्षा गॅलरीत आली. गळ्यात नवं मंगळसूत्र, केसांना टॉवेल. वाकून म्हणाली, किशोरदादा, पुन्हा लाल दिवा आलाय, आज खड्ड्यात पाणी घालायचं राहिलं का?

राहिलं होतं. दोन बादल्या घातल्या. दिवा हिरवा झाला. ती थँक्यू म्हणून आत गेली. खाली मी आणि अण्णा, गाडी कधी भरते ते बघत बसलो. अण्णांनी विचारलं, तुझी कवा लावनार?

मी म्हटलं, त्यांची झाल्यावर.