मेसईदमधला गडगा

मेसईद (कतार), शुक्रवार, १२ मार्च १९८२

आज जिंकलो! आमचे इटालियन इंजिनियर, मार्कोसाहेब, सिसिलीतल्या खेड्यातले. तिकडे ऑलिव्हच्या बागांना सिमेंटशिवाय रचलेल्या दगडी भिंती असतात. तशीच त्यांना कॉलनीतल्या ऑलिव्हच्या रोपाभोवती हवी होती. ते काम मला, गवंड्याला, देताना फोरमन म्हणाला, "गिर गया तो तू हेल्पर." पण आमच्या गुहागरात गडगे काय सिमेंटने रचतात? प्रत्येक फटीत दगडाची चीप ठोकली. चीप घट्ट बसली की दगड हलत नाही, हे बाबांनी शिकवलेलं. संध्याकाळी फोरमन स्वतः भिंतीवर चढून नाचला. एक दगड हलेल तर शपथ! साहेबांनी भिंतीवरून हात फिरवला. म्हणाले, "आमच्या गावात आता असा गवंडी उरला नाही." मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "साहेब, इधर है!"